नाताळचा ताळेबंद

निवृत्त होऊन आता काही वर्षे लोटली, तरी डिसेंबर लागला की माझा हात आपोआप हिशेबाच्या वहीकडे जातो. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाची ही खोड सहजासहजी सुटत नाही. मात्र मी उघडतो ती वही माझी नव्हे, वडिलांची. लाल कापडी बांधणीची, लांबट आकाराची, कडेला वाळवीने थोडी चाखलेली. वसईतल्या आमच्या वाडीत केळीचे किती लोंगर उतरले, दादरच्या बाजारात भाजीला काय भाव आला, विहिरीवरच्या इंजिनाला किती तेल लागले, हे सारे त्यांनी टपोऱ्या अक्षरात लिहून ठेवले आहे. त्यातल्या एका पानाच्या माथ्यावर ‘नाताळ १९७२’ असे शब्द आहेत.

१९७२ हे महाराष्ट्राच्या दुष्काळाचे साल. आमच्याकडच्या विहिरी आटल्या नव्हत्या, पण साखर आणि मैदा दुर्मीळ होता. वडिलांनी साखरेच्या दोन नोंदी केल्या आहेत, एक रेशनच्या साखरेची आणि दुसरी बाहेरच्या. त्याखाली गूळ, रवा, मेणबत्त्या, पतंगाचे कागद, मुलांच्या कपड्यांसाठी छिटाचा तागा, देवळातले दान आणि नाताळची गाणी गात दारोदार फिरणाऱ्या पोरांना दिलेली खुशाली. तळाशी दोन रेघा मारून बेरीज केली आहे : रुपये ९४ आणि ४० पैसे. आम्ही घरात नऊ माणसे होतो.

या एका पानावर मी आजवर किती प्रवचने झोडली असतील याची गणती नाही. मुलांनी महागडा केक आणला की मी ही वही काढत असे. नातवंडांच्या भेटवस्तूंची चमचमती वेष्टने जमिनीवर विखुरली की पुन्हा वही. ‘बघा, नऊ माणसांचा नाताळ ९४ रुपयांत झाला आणि दुसऱ्या दिवशी फेकायला मूठभरही कचरा नव्हता!’ हे वाक्य आमच्या घरात सर्वांना तोंडपाठ झाले आहे. पुढे एका संध्याकाळी माझ्या सुनेने त्या पानावर असे काही बोट ठेवले की मला माझीच वही नव्याने वाचावी लागली. ते पुढे सांगतो. आधी तो नाताळ कसा होता हे सांगायला हवे, कारण त्यात खरोखरच बरेच काही घेण्यासारखे होते.

नाताळ म्हटले की अजूनही अनेकांच्या डोळ्यांपुढे बर्फ, पाइनची झाडे आणि लाल डगल्यातला सांताक्लॉज येतो. वसईचा नाताळ यापेक्षा फार वेगळा. ‘नाताळ’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांनी दिलेला. १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले, धर्म राहिला. आणि भाषा तर आमची कधी बदललीच नव्हती. आम्ही मराठीत प्रार्थना करतो, मराठीत भांडतो आणि नाताळची गाणीही मराठीत गातो. त्यामुळे आमचा सणसुद्धा वाडीतल्या मातीतून उगवलेला होता. बर्फाऐवजी आमच्याकडे डिसेंबरात पहाटेचे दव आणि वालाच्या शेंगा असत.

नाताळच्या दहाबारा दिवस आधी एका पसरट ताटात माती घालून नाचणी पेरायची. येशूच्या गोठ्याभोवतीचे हिरवे शेत म्हणजे ही नाचणी. तिला रोज पाणी घालण्याचे काम धाकट्यांकडे. गोठा पेंढ्याचा, भिंती बांबूच्या कामट्यांच्या, डोंगर म्हणजे चुरगळून रंगवलेला सिमेंटच्या पोत्याचा कागद. मातीची चित्रे मात्र वर्षानुवर्षे तीच. एका मेंढीचा पाय मोडलेला होता. ती दरवर्षी पेंढ्यात बसवून ठेवायची म्हणजे कळत नसे. दारावरची चांदणीही बांबूचीच. सांगाडा वडिलांनी केलेला, दरवर्षी फक्त पतंगाचा कागद नवा आणि तो चिकटवायला मैद्याची खळ. तीन राजांचा सण आटोपला की पेंढा म्हशीपुढे, नाचणीचे कोंब कोंबड्यांपुढे आणि चांदणी माळ्यावर. मेणबत्त्यांची थुटकेसुद्धा वितळवून आई दोरीच्या वातीवर पुन्हा ओतत असे.

गोठ्याची ही प्रथा ज्या संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या नावाशी जोडली जाते, त्यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी पहिला गोठा मांडला, तोही असाच होता. गवत, एक बैल, एक गाढव. बाजारातून काहीही आणलेले नव्हते. देवाचा जन्म गरिबाघरी, परक्याच्या गोठ्यात झाला हे लोकांच्या डोळ्यांपुढे आणावे एवढाच त्यांचा हेतू. आठशे वर्षांनी त्याच गोठ्याला आपण थर्माकोलचे डोंगर, प्लास्टिकचे गवत आणि मिचमिचणाऱ्या दिव्यांच्या माळा लावून उभे केले, यातली विसंगती कोणाला खटकू नये याचे आश्चर्य वाटते. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. महाराष्ट्रात तर २०१८ मध्येच ती आली होती. तरीही डिसेंबरात गावात एक फेरी मारली तर बंदी घालणे सोपे आणि सवय मोडणे कठीण, हे ध्यानात येते.

खाण्याचेही तसेच. फुग्यांना आणि सांदणांना फुगवणारी ताडी शेजारच्या माडावरची. नारळ घरचे, केळी घरची, कोंबडा घरचा आणि त्याला ओळखणारी आम्ही पोरे त्या दिवशी जेवताना जराशी गप्प. केकमधल्या ज्या लाल-हिरव्या तुकड्यांचे आम्हांला अप्रूप, ती टुटीफ्रुटी म्हणजे साखरेच्या पाकात मुरवलेली कच्ची पपई, हे मला फार उशिरा कळले. मार्झिपान युरोपात बदामाचे करतात. आपल्या किनाऱ्यावर बदाम परवडेना तेव्हा आमच्या बायकांनी ते काजूचे केले आणि आता ते काजूचेच खरे वाटते. जवळ जे पिकते त्यातून सण उभा करायचा, ही अक्कल कोणत्याही पुस्तकातून आलेली नव्हती. परिस्थितीनेच ती शिकवली होती.

आणि ताटे! नाताळच्या सकाळी करंज्या, कलकल, नानकटाई आणि केकचा एकेक तुकडा मांडून, वर विणलेला रुमाल टाकून आम्ही आळीतल्या घरोघरी ताटे घेऊन जात असू. दिवाळीत आलेल्या फराळाची ती परतफेड असे आणि पुढच्या दिवाळीची आगाऊ उचलही. ताट कधी रिकामे परत येत नसे. काही नसले तर मूठभर तांदूळ, चार पेरू, निदान एक लिंबू तरी त्यात असे. बँकेत गेल्यावर मला उलाढाल, पत, हमी असे बरेच शब्द शिकायला मिळाले. त्यांचा अर्थ मात्र मी त्या ताटांवरून आधीच शिकून बसलो होतो.

आता माझ्या स्वतःच्या उधळपट्टीविषयी. १९८५ साली, नोकरी नवीन असताना, मी सणासाठी मिळणारी बिनव्याजी उचल घेतली. दहा हप्त्यांत पगारातून कापून जायची. त्या पैशांतून मी मुंबईहून प्लास्टिकचे नाताळझाड, चकाकत्या माळा आणि एक बांधीव पेटीतला केक आणला. वडिलांनी झाडाकडे पाहिले, एक पान बोटात धरून ओढून बघितले आणि एवढेच म्हणाले, “छान आहे. चांदणी लावून घे आधी.” दहावा हप्ता फिटतो न फिटतो तोच पुढचा नाताळ दाराशी आला. झाडाची पाने तोवर झडू लागली होती. दोनतीन वर्षांत मी ते टाकून दिले. पण ते प्लास्टिकचे. टाकले म्हणजे संपले असे होत नाही. आमच्या शहराचा कचरा जिथे साठतो त्या गोखिवऱ्याच्या ढिगात म्हणा की आणखी कोठे, ते झाड आजही शाबूत असणार. माझ्यानंतरही ते राहील.

पुढे मी अधिकारी झालो आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूने हाच खेळ पाहू लागलो. सण जवळ आले की वैयक्तिक कर्जाचे अर्ज वाढत. कारण विचारले की लोक ‘घरदुरुस्ती’ असे लिहीत आणि नजर चुकवीत. आता तर अर्जही लागत नाही, खिशातले कार्डच कर्ज देते. ‘किमान रक्कम भरा’ असे बिलावर मोठ्या मायेने छापलेले असते. ज्यांनी कधी हा हिशेब मांडला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. थकलेल्या रकमेवर महिना साडेतीन टक्के व्याज लागले तर वर्षाचे बेचाळीस टक्के झाले, आणि चक्रवाढ धरली तर त्याहूनही जास्त. वसईच्या शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवण्यासाठी १९१८ मध्ये पापडीला बॅसिन कॅथॉलिक बँक निघाली. त्या शेतकऱ्यांच्या पणतवंडांनी केकसाठी आणि रोषणाईसाठी असे व्याज हसत भरावे, याला प्रगती म्हणायला माझी जीभ वळत नाही.

याच तोऱ्यात मी होतो, तेव्हा २०१९ चा नाताळ आला.

त्या वर्षी मुलाने आणि सुनेने ठरवले की या खेपेस नाताळ घरी नको. समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये तीन दिवस, आम्ही सात जण, खर्च ₹ ७८,०००. मी बरेच आढेवेढे घेतले, पण गेलो. तिथले वर्णन करीत बसत नाही. जेवणाच्या टेबलांवर पदार्थांचे डोंगर होते, लोक थाळ्या भरभरून घेत होते आणि अर्ध्या टाकून उठत होते. एका कोपऱ्यात कृत्रिम बर्फ होता. सांताक्लॉजने माझ्या नातीला एक प्लास्टिकची बाहुली दिली, तिचा हात परतीच्या वाटेवरच निखळला. हे सारे मला अपेक्षितच होते आणि खरे सांगायचे तर ते पाहून मला आतून थोडे समाधानही होत होते. वहीवाल्याचा विजय झाला होता.

पण घरी परतलो आणि ओसरीवर पाहिले तर दाराशी एका टोपलीत नारळ, वेलची केळ्यांची फणी आणि रुमालाने झाकलेले आमचेच एक ताट. शेजारच्या वहिनी दिवाळीत आमच्याकडून गेलेले ताट द्यायला आणि नाताळच्या शुभेच्छा द्यायला पंचवीस तारखेला येऊन गेल्या होत्या. दाराला कुलूप. केळी काळी पडली होती. एवढ्या वर्षांत नाताळच्या दिवशी आमच्या दाराला कुलूप लागल्याचे मला आठवत नव्हते.

त्या रात्री मी वही काढली. सगळे थकलेले होते, मी मात्र भरात होतो. ९४ रुपये ४० पैसे, नऊ माणसे, शून्य कचरा, भरलेली ताटे. माझे सगळे बोलून होईपर्यंत सून शांत बसली होती. मग तिने वही माझ्या हातातून घेतली, पानावरून बोट फिरवले आणि विचारले, “बाबा, यात आजीची मजुरी कुठं लिहिलीय?”

मला उत्तर सुचले नाही. ती पुढे म्हणाली, “मी रोज चर्चगेटला जाते-येते. लोकलमध्ये उभी राहून. चोवीस तारखेला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते. घरचा नाताळ म्हणजे माझे आणि आईंचे चार दिवस ओट्यापाशी. तुम्ही चांदणी लावता, ताटं पोचवता आणि पाहुण्यांशी बोलता. मला एका नाताळात नुसतं बसायचं होतं. म्हणून मी रिसॉर्ट म्हटलं. मला काय बर्फ बघायचा नव्हता.”

मी कादंबऱ्या लिहितो. माणसांच्या मनात शिरण्याचा माझा धंदा आहे असे लोक म्हणतात. आणि माझ्याच स्वयंपाकघरातली ही गोष्ट मला साठीपर्यंत दिसली नव्हती.

त्या रात्री १९७२ चा नाताळ मी दुसऱ्या बाजूने आठवून पाहिला. आई आठवडाभर पहाटे चारला उठत होती. जात्यावर दळण, उखळात तांदूळ, चुलीपुढे तासन् तास तळण. फणीच्या दातांवर एकेक कलकल वळायची, असे शेकडो. पाच भावंडांचे कपडे एकाच ताग्यातून शिवायचे. आम्ही पाचही जण एका छापाचे, बँडपथकासारखे दिसत असू, आणि उरल्या कापडाचा पडदा खिडकीला. मशीन तिच्या पायांनी चाले. मध्यरात्रीच्या मिस्सेला ती बाकावर बसल्या बसल्या डुलक्या घेई आणि आम्ही मुले एकमेकांना कोपराने ढोसून हसत असू. तिला झोप येत असे, कारण ती दमलेली असे, हा साधा विचार आम्हा कोणाच्या डोक्यात आला नाही. तिच्याही वाट्याचा नाताळ असतो, हेही नाही.

बँकेच्या ताळेबंदाखाली काही देणी बारीक अक्षरात लिहिलेली असतात. ती मुख्य बेरजेत धरलेली नसतात, पण वसुलीची वेळ आली की बँक बुडवू शकतात. आमच्या स्वस्त, कचरामुक्त, घरगुती नाताळखाली असेच एक देणे होते, आणि ते बारीक अक्षरातही लिहिलेले नव्हते. पेंढा, बांबू आणि ताडी फुकट होती. ती फुकट दिसत होती याचे कारण घरातल्या एका बाईचे हात फुकट होते. पुढच्या पिढीतल्या बायका नोकरीला लागल्या, हात मोकळे राहिले नाहीत आणि त्या रिकाम्या जागेत बाजार शिरला. तयार केक, तयार करंज्या, तयार गोठा, एकदा वापरून टाकायच्या थाळ्या. आपण त्याला चैन म्हणून नावे ठेवतो. पुष्कळदा ती चैन नसते, तो थकवा असतो. आणि घरातले पुरुष जागचे हलले असते तर त्यातला बराचसा टळला असता.

म्हणून माझे आजचे म्हणणे असे आहे. नाताळ कमी खर्चाचा व्हावा, कमी कचऱ्याचा व्हावा, घराजवळ व्हावा, हे सगळे मला आजही तितकेच हवे आहे. पण तो ज्यांना हवा आहे त्यांनी आधी बाह्या वर कराव्यात. काटकसरीचे व्याख्यान देणाऱ्याच्या हाताला कणीक लागलेली नसेल, तर त्याने व्याख्यान देऊ नये.

पुढच्याच वर्षी आमची परीक्षा झाली. २०२० चा नाताळ करोनाच्या सावटाखालचा. देवळात मोजक्याच लोकांना प्रवेश, रात्रीची संचारबंदी, मध्यरात्रीची मिस्सा संध्याकाळीच उरकलेली. कोठे जायचे नव्हते, कोणी येणार नव्हते. मुलाला घरून काम होते. त्याने आणि मी मिळून पहिल्यांदा फुगे केले. पहिला घाणा दगडासारखा झाला. तो कोंबड्यांनीही नाकारला. दुसरा बरा जमला. माझी पत्नी आणि सून बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसून सूचना करीत होत्या, आणि त्यांच्या आवाजात जो आनंद होता तो मी कोणत्याही रिसॉर्टात ऐकला नव्हता.

तेव्हापासून आमच्या घरात काही रीती पडल्या आहेत. त्या सांगतो, कोणाला उपयोगी पडल्या तर पाहाव्या. फराळाचे सात प्रकार आम्ही तीनवर आणले. करंज्या, कलकल आणि केक. कलकल वळायला घरातला प्रत्येक जण एक तास बसतो, पाहुणासुद्धा. बाकीचे पदार्थ गावातल्याच एका बाईकडून घेतो. ती ते मनापासून करते आणि तिचे दाम आम्ही घासाघीस न करता देतो. तो पैसा दोन गल्ल्यांपलीकडे जातो आणि बहुधा तिथून आमच्याच किराणावाल्याकडे येतो. जेवायला आळीची सामाईक स्टीलची ताटे आणतो. ती धुण्याचे काम पुरुषांचे. इंद्याल शिरक्यात मुरते, ते तीन दिवस उत्तम टिकते, तेव्हा एकाच दिवशी सगळे संपवण्याची घाई करीत नाही. माणशी किती लागते हे एकदा मोजून लिहून ठेवले आहे. वही अशा कामाला उपयोगी पडते.

भेटवस्तूंसाठी चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येकाने एकालाच द्यायची, ठरलेल्या रकमेच्या आत. त्यामुळे सात जणांच्या घरात बेचाळीस भेटींऐवजी सात भेटी होतात आणि देणारा जरा विचार करून देतो. बांधायला जुन्या साड्यांचे तुकडे. कागदच वापरायचा असेल तर तो मुठीत चुरगळून पाहावा. चुरगळलेलाच राहिला तर कागद. फुलून पुन्हा उघडला तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे आणि तो रद्दीवाला घेणार नाही. चमकी तर आम्ही बंदच केली. ती प्लास्टिकचाच भुगा असते, झाडली की गटारात आणि गटारातून आमच्याच खाडीत.

झाडाचे म्हणाल तर पूर्वी इकडे सुरूची फांदी तोडून आणीत. पण किनाऱ्यावरचे सुरू वारा आणि वाळू अडवतात, ते नाताळसाठी तोडणे काही शहाणपणाचे नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्यावरची झाडे पाडली, तेव्हा पडलेली एक फांदी मुलाने सायकलवर बांधून आणली. ती वाळून करडी झाली आहे. तिलाच आम्ही दरवर्षी मातीच्या कुंडीत उभी करतो. पाहुणे विचारतात, ‘हे कसले झाड?’ नात सांगते, “वादळाचे.”

यावर माझे मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला असा की, सगळ्यांनी असे केले तर दुकानदारांनी आणि फेरीवाल्यांनी काय करायचे? प्रश्न खोटा नाही. पण नाताळच्या सजावटीचा किती माल चीनमधल्या यिवूसारख्या बाजारातून येतो हे पाहिले, तर आपल्या खर्चातला किती भाग फेरीवाल्याच्या हाती उरतो याचा अंदाज येईल. बुरुडाकडून सांगाडा घेतला, कुंभाराकडून चित्रे घेतली, गावातल्या बचत गटाकडून फराळ घेतला, तर खर्च बंद होत नाही. तो फक्त जवळ राहतो.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. तुम्ही निवृत्तिवेतनवाले, तुम्हांला साधेपणा परवडतो. ज्याने आयुष्यभर नाइलाजाने साधेपणा भोगला, त्याला पोरासाठी एकदा झगमगाट घ्यावासा वाटला तर? वाटू द्यावा. नालासोपाऱ्याच्या एका खोलीत राहणाऱ्या आईने मुलीसाठी प्लास्टिकची चांदणी घेतली, तर तिला उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. वडिलांच्या ९४ रुपयांत तत्त्वज्ञान नव्हते, ओढगस्त होती, हे मी विसरता कामा नये. हा लेख माझ्यासारख्यांसाठी आहे. ज्यांच्या हाती निवड आहे, त्यांच्यासाठी.

आमच्या भागात फादर फ्रान्सिस दिब्रिटो होऊन गेले. २०२० साली ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, २०२४ मध्ये गेले. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी हरित वसईसाठी, इथल्या विहिरी आणि वाड्या राखण्यासाठी लोकांना रस्त्यावर उतरवले. श्रद्धा आणि पाणी, प्रार्थना आणि झाडे या निराळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांच्यामुळे आमच्या पिढीला कळले. जुलै २०१८ च्या पुरात वसई-विरार पाण्याखाली गेली, तेव्हा रस्त्यावर तरंगत आलेल्या कचऱ्याने तेच पुन्हा सांगितले. आपण दाराबाहेर टाकलेले कोठेही जात नाही. ते वाट पाहत असते.

येत्या आठवड्यात नाताळ. नाचणी बोटभर उंच झाली आहे. चांदणीला या खेपेस पिवळा कागद लावला. शेजारच्या वहिनींचे ताट घासून ठेवले आहे, त्या आल्या की दार उघडे असेल. मी वडिलांच्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर या वर्षीचा हिशेब मांडायला घेतला आहे. डाव्या बाजूला नेहमीप्रमाणे रुपये. उजवीकडे सुनेच्या सूचनेवरून एक नवा रकाना पाडला आहे : कोणी किती तास काम केले. काल संध्याकाळपर्यंतच्या नोंदी अशा. मुलगा सहा तास, सून तीन, पत्नी चार, नात दीड. माझे पाच. मनगट दुखते आहे, पण अजून पत्नीला गाठायला नको म्हणून थांबता येत नाही, कारण तिच्या खात्यावर मागची चाळीस वर्षे शिल्लक आहेत.